झूल घालण्याआधी अंगाला हात लावा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेचा मोठा फोटो आला होता. लाल मखमली झुली घातलेल्या पाच घोड्या आणि मागे तापीचं पात्र. फोटो सुंदर होता, मी तो कापून ठेवलाय. त्याच्याच खाली 'थंडीत पशुधनाची काळजी' अशी एक चौकट होती. गाई-म्हशींबद्दल बरंच काही होतं, घोड्यांबद्दल एकच ओळ होती. पारा 15 अंशांच्या खाली गेला की घोड्यांच्या अंगावर झूल किंवा जाड पांघरूण घालावं, एवढीच. कोणत्या घोड्याला, कसलं पांघरूण, आणि ते काढायचं केव्हा, याबद्दल काही नव्हतं.

ती ओळ आमच्या गावात वाचली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी चारला, अजून ऊन पाठीला लागत होतं तेव्हा, शेजारच्या मुलानं आपल्या दोन वर्षांच्या शिंगरावर गोधडी बांधली होती. गोधडीला वरून प्लॅस्टिकची ताडपत्री शिवलेली. "काकू, पेपरात आलंय," म्हणाला. मी गोधडीखाली हात घातला तर पुठ्ठ्यावरचे केस ओले चिंब. पावसानं नव्हे, घामानं. त्या मुलाचा काही दोष नाही, तो जीव लावणारा पोरगा आहे. पेपरात छापलेलं तो खरं धरतो, आणि धरावंच. म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी शहादा तालुक्यात तापीकाठी राहते. केळी आणि कापसाची शेती आहे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा दारात तीन घोड्या होत्या आणि मला त्यांची भीती वाटायची. सासऱ्यांनी, आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो, मला आधी खरारा, म्हणजे अंग घासून साफ करायला शिकवलं, मग चंदी, म्हणजे दाणा द्यायला, आणि चारपाच वर्षांनी कुठे घोडीवर बसायला. आज नाना नाहीत. दारात दोन घोड्या आहेत. चंद्री, बावीस वर्षांची कुमैत, म्हणजे तांबूस-तपकिरी रंगाची काठेवाडी, आणि तिची लेक मैना, सहा वर्षांची. एकाच छपराखाली, एकाच दावणीला राहतात, एकच चारा खातात. तरी झुलीच्या बाबतीत दोघींचा हिशेब कधीच एक नसतो.

पहिल्या हिवाळ्यात मी शाल घेऊन अंगणात गेले आणि घोडीला कुडकुडायला होत असेल म्हणून घोंगडी घालायला लागले, तेव्हा नानांनी हात धरला होता. "तुले थंडी वाजनी, म्हनीसन तिले वाजनी का?" असं म्हणाले. आपल्याला स्वेटर लागला की घोड्याला झूल लागते, हा समज फार घट्ट बसलेला आहे. पण घोडा म्हणजे माणूस नव्हे. त्याचं अंग मोठं, आणि पोटात सतत शेगडी चाललेली. मोठा, निरोगी आणि कोरडा घोडा असेल तर साधारण 5 ते 25 अंश या टापूत त्याला अंग ऊबदार ठेवायला वेगळे कष्ट पडत नाहीत, असं पशुवैद्यकाच्या पुस्तकांत दिलेलं असतं. थंड मुलखातले, त्या हवेला सरावलेले घोडे तर शून्याच्याही खाली उघड्यावर मजेत उभे राहतात. आपले काठेवाडी, मारवाडी घोडे बारीक केसांचे आणि पातळ कातडीचे, म्हणून मी आमच्या दारात खालच्या आकड्यात थोडी भर धरते. तरी 15 अंश ही काही झुलीची वेळ नाही. 15 अंशांची कोरडी, वारा नसलेली रात्र मैनाला आवडते. ती अशा रात्री एक मागचा पाय ढिला सोडून निवांत डुलक्या घेते.

थंडीचे केस थंडी पडल्यावर येत नाहीत, हेही पुष्कळांना माहीत नसतं. ते दिवसाच्या लांबीवर येतात. भाद्रपद-अश्विनात दिवस आखडायला लागला की घोड्याच्या अंगात हालचाल सुरू होते, आणि दिवाळीपर्यंत खाली दाट, मऊ केस तयार झालेले असतात. संक्रांतीनंतर दिवस तीळ तीळ वाढतो तसे ते सुटायला लागतात. होळीच्या आसपास मैनाला खरारा केला की अंगणात केसांचे पुंजके उडतात आणि चिमण्या ते घरट्याला नेतात. थंडी वाजली की हे केस उभे राहतात, आपल्या अंगावर काटा येतो तसे. केसांमध्ये हवा अडकते आणि ती हवाच ऊब धरून ठेवते. ही घोड्याची स्वतःची झूल. आपण वरून जड, तंगानं, म्हणजे पोटाखालच्या पट्ट्यानं आवळलेलं पांघरूण टाकलं की हे केस दबून चपटे होतात. पांघरूण पुरेसं जाड नसेल तर घोड्याकडे धड आपली झूल उरत नाही, धड आपण घातलेली पुरत नाही. पातळ चादर टाकून 'काहीतरी घातलं' याचं समाधान माणसाला मिळतं, घोडीला नाही.

यात्रेत विकायला आणलेल्या घोड्यांची गोष्ट मात्र निराळी, हे आधीच सांगते. अंगाची चमक टिकावी म्हणून बरेच व्यापारी त्यांना महिना-दोन महिने आधीपासून झुलीत ठेवतात, आणि तंबूत रात्रभर मोठे दिवे जळत असतात. उजेड वाढला की अंगाला दिवस लांबलाय असंच वाटतं, मग थंडीचे केस नीट येतच नाहीत. असा घोडा विकत घेऊन कुणी घरी नेला आणि "पेपरात पत्र लिहिणाऱ्या काकूंनी झूल नको म्हटलंय" म्हणून पहिल्याच रात्री उघडा ठेवला, तर तो आजारी पडेल. झुलीत वाढलेल्याला झूल द्यावीच लागते, निदान त्या हिवाळ्यापुरती. म्हणून घोडा घेताना दात बघता, चाल बघता, तसं एवढंही विचारा की रात्री अंगावर काय असायचं, आणि कधीपासून.

आता 2023 च्या नोव्हेंबरअखेरची ती अवकाळीची रात्र सांगते. उत्तर महाराष्ट्रात पाऊस, वारा, कुठे गारा, हे सगळं आपल्या पेपरात आलं होतं. आमच्याकडे संध्याकाळी वीज गेली आणि छपराचे दोन पत्रे वाऱ्यानं उचलले. मी कंदील घेऊन बाहेर गेले तोवर दोन्ही घोड्या भिजल्या होत्या. पारा काही फार खाली नव्हता, आपल्या चौकटीतल्या 15 अंशांच्या वरच असावा. मैना वाऱ्याकडे पाठ करून, शेपूट पायांत दाबून उभी होती. वरचे केस ओले, पण बोटं केसांत घुसवली तर मुळाशी कोरडं आणि गरम लागलं. पाणी वरून ओघळून जात होतं. चंद्रीला हात लावला तर पाणी थेट कातडीपर्यंत गेलेलं. कानांची टोकं गार, तेवढ्यानं मी घाबरत नाही, पण कानाच्या मुळाशीही गार. पुढच्या पायाच्या मागे, कोपराच्या आत, जिथे नेहमी गरम लागतं तिथेही हाताला ऊब लागेना. मान खाली, कूस आत ओढलेली. मग माझ्या हाताखाली तिच्या खांद्याचं मांस थरथरायला लागलं.

तेव्हा मी थर्मामीटर बघत बसले नाही. आधी तिला घराच्या पडवीत, वाऱ्याच्या आडोशाला आणलं. झूल लगेच टाकली नाही. ओल्या अंगावर झूल टाकली की ओल आत कोंडते आणि घोडं अधिक गारठतं, हे नानांनी शंभरदा सांगितलं होतं. मुलानं आणि मी वाळल्या गवताच्या मुठी वळून दोन्ही बाजूंनी तिचं अंग चोळलं, पाणी निथळेपर्यंत आणि नंतर केस उलटे होईपर्यंत. पाऊणएक तास लागला. पुढ्यात कडब्याची पेंढी मोकळी करून टाकली. ती खायला लागली तेव्हा जिवात जीव आला. मग लोकरीची घोंगडी घातली, खाली थोडं कोरडं गवत पसरून, म्हणजे अंगातली उरलेली वाफ वर निघून जाते. पहाटे चारला घोंगडीखाली हात घातला, अंग कोरडं आणि उबदार. घोंगडीच्या वरच्या बाजूला मात्र दव पडावं तशी ओल जमली होती. आतली ओल लोकरीनं बाहेर काढली होती. मी ती घोंगडी काढून दुसरी कोरडी घातली.

त्याच रात्री मैना छपराच्या शाबूत कोपऱ्यात, अंगावर काही न घालता होती. सकाळी तिच्या पाठीवरून वाफा निघत होत्या आणि ती चंदीसाठी खूर आपटत होती.

एकच पाऊस, एकच अंगण. चंद्रीचं वय झालंय, दाढा झिजल्यात, कडबा नीट चावला जात नाही, बरगड्यांवर मांस कमी. तिला झूल हवी. तरण्याताठ्या लेकीला नको. ओलं अंग, वारा, म्हातारपण, हडकुळेपणा, आजारातून उठलेलं, नुकतंच जन्मलेलं, केस कातरलेलं, यातल्या दोन गोष्टी एकत्र आल्या की मी पारा विचारत नाही. यातलं एकही नसेल तर आमच्याकडची कडाक्याची रात्रही फारशी मनावर घेत नाही. तिकडे सातपुड्यात डाबकडे दवबिंदू गोठल्याची बातमी येते, ती वाचून अंगावर शहारा येतो खरा. पण ती बातमी वाचून घोडीकडे जायचं ते झूल घेऊन नाही, मोकळ्या हातानं.

माझ्या हातून झालेली चूकही सांगितली पाहिजे, नाहीतर हे पत्र अर्धं राहील. तीन-चार वर्षांपूर्वी यात्रेच्या दिवसांत एक पाहुणे मैनाची रवाळ, म्हणजे धक्के न देणारी वेगवान चाल बघायला आले. संध्याकाळी नदीच्या रस्त्यानं तिला बरीच पळवली. परत आली तेव्हा छातीला आणि तंगाखाली फेस. सूर्य बुडालेला, गार वारा सुटलेला. पाहुण्यांना जेवायला वाढायचं होतं, मी घाईत होते. गारठा लागेल म्हणून यात्रेतून आणलेली नवी झूल तिच्यावर टाकली, आत फोमचं अस्तर आणि बाहेर रेक्झिन, आणि बक्कल लावून घरात गेले. त्या झुलीतून ना वारा आत जात होता ना वाफ बाहेर. सकाळी कामं होती, दुपारी लक्षात आलं नाही, आणि झूल त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही तशीच राहिली. थंडी आहे ना, असू दे, असं मनात. चौथ्या दिवशी खरारा करायला काढली तर पाठीवर जागोजागी खपल्या. एक खपली नखानं उचलली तर केसांचा झुबका मुळासकट तिच्याबरोबर आला आणि खाली ओली, गुलाबी कातडी. खांद्यावरच्या उंचवट्यावर झुलीच्या काठानं घासून रुपयाएवढी जखम. मैनानं मान वळवून माझ्याकडे बघितलं, ते मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी सांगितलं, अंग सतत ओलं आणि ऊबट राहिलं की एक जंतू कातडीत वाढतो, डर्मॅटोफिलस त्याचं नाव. औषध दिलं, धुवायला सांगितलं, आणि मुख्य म्हणजे अंग उघडं आणि कोरडं ठेवायला सांगितलं. महिनाभर तिच्यावर खोगीर घातलं नाही. उंचवट्यावर तिथे आता पांढरे केस आलेत, कुमैत अंगावर एक ठिपका. पाहुणे विचारतात, जन्मखूण का? मी खरं काय ते सांगते.

कामावरून आलेल्या, घामेजल्या घोड्याला आधी दहा-पंधरा मिनिटं हातात धरून चालवायचं, श्वास खाली येऊ द्यायचा. वारा असेल तर पातळ सुती कापड किंवा जाळीचं पांघरूण पुरतं, आणि घाम वाळला की तेही काढायचं. फौजेत राहून आलेले आमच्या गावचे एक आजोबा होते, ते तर म्हणायचे की शेवटचा मैलभर घोडा चालवतच आणायचा, म्हणजे दारात आल्यावर झुलीचा प्रश्नच उरत नाही. तेव्हापासून आमच्या घरात एक रीत आहे. ज्यानं झूल घातली त्यानंच सकाळी ती काढायची. ऊन वर आलं, साधारण आठ-साडेआठला, की झूल दोरीवर, उलटी करून, आतली बाजू उन्हाला. घोडीच्या अंगावर खरारा, छातीवर, खांद्यावर, कुशीवर घासल्याची खूण आहे का ते बघायचं. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे पारा आठ-दहा असतो आणि दुपारी अठ्ठावीस-तीस. पहाटेची झूल दुपारपर्यंत अंगावर राहिली तर थंडीनं जेवढा त्रास झाला नसता तेवढा उकाड्यानं होतो. थंड देशांत दिवसभर गारठाच असतो, तिथल्या माणसानं झूल दिवसभर ठेवली तर चालत असेल. खानदेशात नाही चालत. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे झूल न घातल्यानं जेवढे घोडे आजारी पडतात त्यापेक्षा झूल न काढल्यानं जास्त पडतात. हे मी माझ्या आसपासच्या पंधरा-वीस दारांवरून सांगते.

पांघरुणापेक्षा मोठी ऊब चाऱ्यात आहे, आणि तिचा त्या चौकटीत उल्लेखही नव्हता याचं मला जास्त वाईट वाटलं. मघाशी शेगडी म्हटलं ती हीच. घोड्याच्या मोठ्या आतड्यात वाळका चारा तासन्‌तास आंबत राहतो आणि त्यातून ऊब निघत राहते. चंदीनं ताकद येते, पण दाणे लवकर पचून जातात, रात्रभराची धग चाऱ्याचीच. साडेतीनशे किलोच्या घोडीला दिवसाला सहा-सात किलो वाळका चारा लागतो. थंडीच्या रात्री मी त्यात पेंढी-दीड पेंढी वाढवते आणि ती रात्री झोपायच्या आधी टाकते, संध्याकाळी पाचला नाही. म्हणजे पहाटे सगळ्यात जास्त गारठा असतो तेव्हा शेगडी पेटलेली असते. चंद्रीला कडबा चावत नाही म्हणून तिला कुट्टी भिजवून. आणि पाणी! थंडीत घोडा पाणी कमी पितो, चारा वाळका, आणि मग पोटात कोंडतं. पोटशूळ थंडीत होतो तो बऱ्याचदा असा. चुलीवरचं एक पातेलं गरम पाणी बादलीत ओतून कोमट केलं की माझ्या दोघी भरपूर पितात. झुलीला चार हजार खर्च करणाऱ्यानं आधी ते पातेलं चुलीवर ठेवावं.

तबेला बंद करून घेण्याबद्दलही एक सांगते. थंडी आली की लोक चारी बाजूंनी ताडपत्र्या बांधून टाकतात. आत मुताचा उग्र वास कोंडतो, सकाळी आत गेलं की आपलेच डोळे चुरचुरतात. घोडा रात्रभर तेच ओढतो आणि खोकायला लागतो, मग लोक म्हणतात थंडी बाधली. वारा येतो त्या एका बाजूला, घोड्याच्या पाठीच्या उंचीपर्यंत आडोसा करावा आणि वरून हवा खेळू द्यावी.

माझा पुतण्या पशुवैद्यकीय शिकतो. त्यानं एक प्रयोग मला वाचून दाखवला, तो ऐकून मला नानांची फार आठवण आली. नॉर्वेमध्ये संशोधकांनी 23 घोड्यांना पाट्या ओळखायला शिकवल्या. 2016 मध्ये ते छापून आलं. आडवी रेघ म्हणजे झूल घाला, उभी रेघ म्हणजे काढा, कोरी पाटी म्हणजे आहे तसंच राहू द्या. घोड्यानं नाकानं पाटीला स्पर्श करायचा. रोज दहा-पंधरा मिनिटं शिकवून दोन आठवड्यांत सगळे घोडे शिकले. मग वेगवेगळ्या हवेत त्यांना विचारलं. पाऊस, वारा आणि गारठा असला की घोडे झूल मागत. ऊन असलं की काढायला सांगत. आपल्या अंगाला काय हवंय हे घोड्याला कळतं आणि विचारण्याची सोय केली तर तो सांगतोही, हे त्यांनी दाखवून दिलं. आपल्या दारात पाट्या नाहीत. पण हात आहे. कोपराच्या आत, छातीवर, मानेच्या मुळाशी, कुशीत हात ठेवला की तीच पाटी वाचता येते. फक्त पायांवरून आणि कानाच्या टोकांवरून ठरवू नका, ते गारच असतात. शंका आली तर ताप बघा, घोड्याचं अंग साधारण साडेसदतीस ते साडेअडतीस अंशांत असतं. आणि हिवाळ्यात दाट केसांखाली घोडं वाळत गेलेलं डोळ्यांना दिसत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा बरगड्यांवरून बोटं दाबून फिरवा.

फोटोतल्या मखमली झुलींबद्दल थोडं. त्या शोभेच्या आहेत, त्यांची ऊब फारशी नाही, आणि यात्रेत तासभर घातल्या तर कुणाचं काही बिघडत नाही. माझी तक्रार लग्नसराईची आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळीस-बेचाळीसवर असतो, आणि भर दुपारी वरातीची घोडी आरसे-टिकल्या लावलेली जाड झूल घालून, डीजेच्या भिंतीसमोर दोन-दोन तास उभी असते. घोडा घाम गाळून अंग थंड करतो. मखमलीखाली तो घाम वाळत नाही, नुसता वाहत राहतो, त्याबरोबर अंगातलं मीठ जातं. अशा घोड्यांचे मालक गरीब आहेत, हौस वऱ्हाडाची असते आणि झूल काढली तर पैसे कापले जातात, हे मला माहीत आहे. म्हणून मी मालकांना नाही, वरपक्षाला विनंती करते. मिरवणूक सुरू व्हायच्या क्षणी झूल घाला, थांबलात की काढा, आणि घोडीला बादलीभर पाणी पाजा. आमच्या मुलाच्या लग्नात मैनाच्या अंगावर खोगीर आणि गळ्यात फुलांची माळ एवढंच होतं. फोटो छान आले.

आता जी गोष्ट तातडीची आहे ती. यात्रा संपत आली की घोडे गाड्यांत चढतात. कुणी गुजरातकडे, कुणी मध्य प्रदेशात, कुणी पार सोलापूर-कोल्हापूरकडे. बहुतेक गाड्या रात्रीच निघतात. उघड्या गाडीत साठच्या वेगानं लागणारं वारं हे अंगणातल्या थंडीसारखं नसतं. इथे अंगणातला माझा सगळा हिशेब बदलतो. पण याही वेळी नुसती झूल बांधून मोकळं होता येत नाही, कारण गाडीत चढताना घोडं घाबरून घामेजतं, आणि तीन-चार घोडे अंगाला अंग लावून उभे असले की मधल्याला उकडतं आणि कडेच्याला गारठा लागतो. गाडीच्या पुढच्या बाजूला, तोंडाच्या उंचीच्या वर येईल एवढी ताडपत्रीची आड बांधा. घाम वाळल्यावरच घोंगडी घाला, रेक्झिनची झूल नको. तोबऱ्याऐवजी समोर वाळका चारा टांगा, तो चघळत राहिला तर घोडा शांतही राहतो आणि उबदारही. पहिला थांबा तासाभरातच घ्या, उतरून प्रत्येकाच्या घोंगडीखाली हात घाला, मग तीन-तीन तासांनी. पाणी दाखवा. नव्या दारात पोचल्यावर पहिला आठवडा तरी रोज रात्री झोपायच्या आधी एकदा, पहाटे एकदा.

आपल्या पेपराचं वाचन आमच्या भागात घराघरांत आहे, गाडीवाल्यांच्या केबिनमध्येही तो असतो. म्हणून विनंती, पुढची चौकट छापाल तेव्हा 15 अंशांच्या त्या ओळीच्या जागी एवढं तरी छापा: ओलं आणि वारा लागलेलं, म्हातारं, वाळलेलं, आजारी किंवा लहान जनावर असेल तर कोरडं करून झूल घाला, बाकीच्यांना जास्तीचा चारा आणि कोमट पाणी द्या, आणि सकाळी ऊन आलं की झूल काढा. जागा कमी असेल तर फोटो थोडा लहान केलात तरी चालेल. यात्रेतले शेवटचे घोडे गाडीत चढायच्या आत हे आलं तर बरं होईल. परवापासून गाड्या भरायला लागतील.

आपली,
घोड्या पाळणारी एक शेतकरी,
ता. शहादा, जि. नंदुरबार